भरती आली की रोहित कुठे जातात?

मार्चमधली सकाळ, तिथी द्वादशी. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सच्या डीपीएस तलावाच्या काठावर मी आणि माझी दहा वर्षांची भाची साडेसात वाजता पोहोचलो, तेव्हा तलावात जेमतेम तीसचाळीस रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, होते. भाचीचा चेहरा पडला. "आत्या, तू तर हजारो म्हणाली होतीस." मी म्हटलं, थांब जरा, भरती अजून भरायची आहे.

आठनंतर खाडीकडून पहिली रांग आली. मग दुसरी. मग मोजणं सोडून द्यावं अशा रांगांमागून रांगा. लांब माना पुढे ताणलेल्या, पाय मागे, आणि पंखांखालचा तो गुलाबी-काळा रंग. नऊच्या आत अर्धा तलाव गुलाबी झाला. भाचीने विचारलं, "यांना कोणी सांगितलं आत्ता इथे यायला?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर ठाणे खाडीची पाणथळ जागा कशी चालते, ती का बिघडते आणि ती राखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे बरंचसं समजतं.

रोहित खाडीत जेवतात ते ओहोटीच्या वेळी. पाणी मागे सरलं की दोन्ही काठांना गाळ उघडा पडतो. लांबून तो नुसता काळा चिखल दिसतो, पण त्यावर सूक्ष्म शेवाळाचा पातळ थर असतो आणि आत गांडुळासारखे किडे, शिंपले, बारीक खेकडे, कोलंबीची पिल्लं असतात. आपल्याकडे जास्त संख्येने येणारा छोटा रोहित मुख्यतः शेवाळ खातो. चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यातून शेवाळ गाळून घेतो. मोठ्या रोहिताचा कंगवा जाडसर, म्हणून तो किडे आणि बारीक कोलंबीसारखे जीव टिपतो. त्यांच्या बाजूलाच गॉडविट लांबलचक चोच गाळात खोल खुपसतात, तुतवार वरवरचं टिपतात, शेकाट्या उथळ पाण्यात फिरतात. चोच जितकी लांब, तितक्या खोलातलं अन्न. त्यामुळे एकाच चिखलावर इतक्या जाती फारशी भांडणं न करता जेवू शकतात.

आता भरती येते. इथे उधाणाच्या भरती-ओहोटीत चारपाच मीटरचा फरक पडतो. सहा तासांपूर्वी जिथे जेवणाचं ताट मांडलेलं होतं, तिथे आता माणूस बुडेल एवढं पाणी. छोट्या रोहिताला पोहता येतं, पण पोहत पोहत विश्रांती होत नाही. तुतवारांना तर तेही जमत नाही. काठावर चढावं तर तिथे दाट तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. तेव्हा या हजारो पक्ष्यांना दिवसातून दोनदा, काही तासांपुरती, उभं राहायला दुसरी जागा लागते. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, चहूबाजूंनी मोकळं म्हणजे कुत्रा किंवा कोल्हा येताना लांबूनच दिसेल, आणि खाडीपासून जवळ. डीपीएस तलाव, त्याच्याजवळची टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची आणि एनआरआय संकुलामागची पाणथळ, पलीकडच्या तीरावर भांडुपच्या पम्पिंग स्टेशनचा परिसर या सगळ्या अशा भरतीच्या जागा.

म्हणजे खाडीतला गाळ हे स्वयंपाकघर आणि आतली तळी ही झोपायची खोली. घर एकच. आपण मात्र नकाशावर रेघ मारताना एका खोलीला घर म्हटलं आणि दुसरीला रिकामा भूखंड.

ही रेघ कशी पडली, हे थोडं सविस्तर सांगते, कारण वाद झाला की सगळे कायद्याची नावं फेकतात आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. २०१५ साली राज्य सरकारने ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, बाकीचं खाडीचं पाणी आणि गाळ. २०२१ मध्ये त्याच्याभोवतीचा ४८.३२ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. ही दोन्ही क्षेत्रं मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर होतात, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली ती याच क्षेत्रफळाने. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांसाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव. महाराष्ट्रात आधी नांदूर मधमेश्वर आणि लोणार या यादीत गेले होते, ठाणे खाडी तिसरी.

पण भरतीच्या वेळची आपली तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. मग त्यांना कोणता कायदा लागतो? २०१७ चे पाणथळ जागांचे केंद्रीय नियम आहेत. मात्र ज्या जागा आधीच वन कायद्यांखाली किंवा सागरी किनारा नियमन क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये येतात, त्यांना हे नियम लागू होत नाहीत, त्यांच्यावर तिथलेच कायदे चालतात. मिठागरं आणि मासे पाळण्यासाठी खास बांधलेली तळीही यातून वगळली आहेत. आता आपल्याकडची परिस्थिती बघा. इथलं बहुतेक पाणी कधी ना कधी माणसाने बांध घालून अडवलेलंच. त्यामुळे एखाद्या तळ्याबद्दल तक्रार गेली की पहिला प्रश्न येतो, ही जागा मुळात पाणथळ आहे का? ते ठरेपर्यंत कधी कधी पाणीच आटून गेलेलं असतं. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उपग्रह नकाशांवरून नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा देशभर जपायला सांगितल्या. आकार आणि नोंद या दोन गोष्टींना म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

तिवरांचं तसं नाही. तिथे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट भूमिका घेतली. ऑक्टोबर २००५ चा अंतरिम आदेश आणि सप्टेंबर २०१८ चा अंतिम निकाल, दोन्हींचा गाभा असा: जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटी तोडायची नाही, तिच्याभोवतीचे ५० मीटरही मोकळे ठेवायचे, आणि खरोखरच लोकहिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन यायचं. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून रोहित बघायला बोटी सुटतात, तेही त्यांचंच काम.

कायद्याचं एवढं पुरे. खरी गोम पाण्यात आहे.

माझे आजोबा खाजण करायचे. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यातलंच आमचं एक गाव. खाजण म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन. पावसाळ्यात भात, बाकी वेळ पाणी आणि मासळी. त्या बांधाला एक लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी किती आत घ्यायचं, कधी अडवायचं, ओहोटीला किती सोडायचं, हे सगळं त्या उघाडीवर. आजोबा रात्रीबेरात्री कंदील घेऊन उघाडी बघायला जायचे. दारात लाकूड अडकलं, गाळ साचला, तर आठवड्यात पाण्याला वास सुटतो आणि महिन्यात मासळी संपते, असं ते सांगायचे. बांध फुटला तर मोठ्याने कळतं, उघाडी तुंबली तर कोणाला कळतही नाही, हेही त्यांचंच.

आज शहरात नेमकं तेच होतं. तळ्यावर भराव टाकणारा डंपर दिसतो, त्याचा फोटो निघतो, ओरड होते. पण रस्ता रुंद करताना, जेट्टीकडे वाट काढताना किंवा पाइपलाइन टाकताना भरतीचं पाणी आत आणणारी एक मोरी बुजली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तलाव जागेवर असतो, कागदावरही असतो, फक्त त्याचा श्वास बंद झालेला असतो.

मोरी बुजल्यावर काय होतं ते क्रमाने बघू. आधी पाणी बदलायचं थांबतं. उन्हाने ते आटत जातं, खारटपणा वाढतो. त्यातच गटाराचं पाणी झिरपत असेल तर त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळाची हिरवी साय धरते. साय जाड झाली की खाली उजेड पोहोचत नाही, खालचं शेवाळ कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मग मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. मासे संपले की डासांच्या अळ्यांना खाणारं कोणी उरत नाही. पाणथळ जागेमुळे डास होतात अशी सोसायट्यांची तक्रार असते ना, ती इथून सुरू होते. वाहत्या भरतीच्या, मासे असलेल्या पाण्यात डास फार टिकत नाहीत, डास तुंबलेल्या पाण्याचे. तळं बुजवा म्हणणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगते, आधी त्याची मोरी मोकळी करा, मग डासांचं बोलू.

डीपीएस तलावाचं २०२४ मध्ये असंच झालं. सुमारे तीस एकरांचा हा तलाव, त्यात येणारं भरतीचं पाणी अडलं, तलाव सुकत गेला, आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत परिसरात काही रोहित मेलेले आणि जखमी सापडले. काठावर राहणाऱ्या लोकांनी आणि पक्षिमित्रांनी पाठपुरावा केला नसता तर ते 'सुकलेलं डबकं' म्हणून विसरलंही गेलं असतं. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून ३९ रोहित मेले. ते त्या वेळी का उडाले यावर जाणकारांची मतं वेगवेगळी आहेत, मी निकाल देणार नाही. पण एवढं कोणालाही पटावं की पक्ष्यांच्या बसायच्या जागा जितक्या कमी आणि जितक्या लांब, तितक्या त्यांच्या फेऱ्या जास्त, आणि तितक्या वेळा तारा, दिवे, मनोरे आणि विमानं वाटेत येणार.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. वन्यजीव कायद्यातली ही तरतूद मला फार मोलाची वाटते. अभयारण्याला लागून असलेल्या किंवा दोन वन्य क्षेत्रांना जोडणाऱ्या सरकारी जमिनीला, स्थानिक लोकांशी चर्चा करून, असा दर्जा देता येतो. झोपायची खोली नकाशावर घराला जोडायची असेल तर कायद्यातलं दार हेच.

पण दर्जा मिळाला तरी उघाडी कोणीतरी बघायलाच लागते. आणि तीही नुसती सताड उघडून चालत नाही. पाणी फार आलं तर रोहितांचे पाय पुरत नाहीत, लहान पाणपक्षी तर आधीच उडून जातात. पाणी कमी झालं तर कुत्री चालत आत शिरतात. म्हणजे राखायची असते ती पाण्याची पातळी: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, भरतीगणिक थोडी बदलणारी, आणि हंगामभर, नोव्हेंबरपासून मेपर्यंत, टिकणारी. त्यासाठी एखादी साधी मोजपट्टी तलावात रोवून रोज नोंद ठेवली तरी पुष्कळ कळेल. मोरीच्या तोंडाशी जाळी हवी म्हणजे प्लास्टिक अडेल, आणि ती जाळी दर उधाणानंतर साफ करणारा माणूस हवा. जाळी बसवून निघून गेलो, तर तीच मोरी बुजवते.

आता एक अवघड गोष्ट सांगते, जी ऐकून काही जण नाराज होतात. तिवरं लावणं प्रत्येक ठिकाणी चांगलं नसतं.

तिवर हे झाड मला जीव की प्राण आहे. त्याचं पान कधी चाटून बघा, खारट लागतं. मुळांनी बरंचसं मीठ गाळलं तरी जे आत येतं ते पानांतून बाहेर टाकलं जातं, उन्हाच्या वेळी पानावर बारीक स्फटिक दिसतात. गाळात हवा नाही म्हणून मुळं पेन्सिलीसारखी वर काढून ते श्वास घेतं. बी झाडावरच रुजून मग खाली पडतं, म्हणजे भरतीने वाहून नेलं तरी जिथे अडकेल तिथे लगेच मूळ धरता येतं. त्याच्या सावलीत निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे), चिंबोऱ्या, कोलंबीची पिल्लं वाढतात, आणि आतल्या दाटीत कोल्हे राहतात. ऐरोली-वाशीच्या लोकांना रात्री त्यांची कोल्हेकुई ऐकू येते. हे सगळं खरं. पण रोहितांना आणि गॉडविटना जेवायला उघडा गाळ लागतो, आणि खाडीत गाळ साचत चालल्यामुळे तिवरं आपोआपच त्यावर पसरत आहेत. जिथे पूर्वी नुसता चिखल होता तिथे आता हिरवी भिंत उभी आहे. मग आपण उत्साहाने पर्यावरण दिनाला त्याच उघड्या गाळावर रोपं लावली, तर आपण पक्ष्यांच्या ताटावर झाड लावतो. तिवरं लावायची ती जिथे पूर्वी होती आणि भराव टाकून मारली गेली तिथे, आणि तिथेही आधी पाण्याची वाट मोकळी करून. पाणी पोहोचलं तर बहुतेक वेळा रोपं लावावीही लागत नाहीत, भरती बी घेऊन येते.

याचा सगळ्यात मोठा गुंता नवी मुंबईच्या होल्डिंग पॉण्डमध्ये आहे. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीपेक्षा खाली. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पावसाचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून डच पद्धतीची ही मोठी तळी खणली. नाल्यांचं पाणी आधी तळ्यात जमतं. तळ्याच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. आजोबांची उघाडीच, फक्त आपोआप चालणारी. पण झडपा गंजल्या, निखळल्या, की खारं पाणी आत येतं, त्यासोबत गाळ आणि तिवराचं बी. काही वर्षांत तळं उथळ होतं आणि त्यात जंगल उभं राहतं. आता गाळ काढावा तर तिवरं तोडावी लागतात, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. न काढावा तर पावसाळ्यात आसपासच्या घरांत पाणी शिरायची भीती. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना शहराचे शत्रू ठरवतात, आणि दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर असतं.

माझं मत विचाराल तर, गाळ एकदम सगळा उपसायचा नाही. आधी झडपा दुरुस्त करायच्या, नाहीतर उपसलेलं परत भरतं. मग दरवर्षी एक भाग, रोहितांचा हंगाम संपल्यावर आणि पाऊस सुरू व्हायच्या आत, जो वेळ फार थोडा असतो, तेवढ्यात करायचा. काठची तिवरं राहू द्यायची, मधला मार्ग मोकळा करायचा.

अजून एक गैरसमज. रोहित लाखाच्या वर मोजले गेले, म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं नाही. बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, गणनेत संख्या लाखावर गेली हे खरं, पण ते खातात ते शेवाळ सांडपाण्यावरही पोसलं जातं. खाडीची खरी तब्येत कोळ्यांच्या जाळ्यात बघावी. जिताडा, बोय, चिंबोरी किती मिळते, कोणत्या आकाराची मिळते, हे विटाव्याच्या किंवा दिवाळे कोळीवाड्याच्या बाईला विचारा. पक्षी गेल्या वर्षीपेक्षा जास्त आणि मासळी कमी असेल, तर अभिनंदन करायची घाई करू नये.

हे पक्षी फक्त आपले नाहीत, हेही लक्षात असू द्या. २०२२ मध्ये बीएनएचएसने सहा रोहितांना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावले. एकाचं नाव हुमायून, एकाचं सलीम, आणि एकाचं चक्क 'नवी मुंबई'. पाऊस आला की ते गुजरातकडे गेले. कच्छच्या रणात रोहितांची वीण होते. म्हणजे कच्छच्या रणातलं पाणी आणि सीवूड्सची मोरी, ही एकाच पक्ष्याच्या आयुष्यातली दोन ठिकाणं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. त्यांना कोणी सांगितलं? चंद्राने. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. खाडीत आत जाऊ तसं थोडं पुढेमागे होतं, पण अंदाज चुकत नाही. वद्य पक्षातही हाच हिशेब. रोहित बघायला जाणार असाल तर कॅलेंडरवर तिथी बघा आणि या हिशेबाने येणाऱ्या भरतीच्या वेळेच्या तासभर आधी तलावावर पोहोचा. काठापासून मागे उभे राहा, ड्रोन उडवू नका, कुत्र्याला मोकळं सोडू नका.

आणि पक्षी बघून झाले की पाच मिनिटं मोरीशी जा. त्या दिवशी आम्ही गेलो. भाची वाकून बघत होती. बाहेरच्या बाजूला पाणी चढलं होतं आणि पाइपातून आत येत होतं, बोटभर जाड धार, एका प्लास्टिकच्या पिशवीला वळसा घालून. पिशवीच्या कडेला एक निवटी चढून बसली होती, डोळे वर काढून. मी काठीने पिशवी ओढून काढली, निवटी उडी मारून आत गेली. धार मनगटाएवढी झाली. भाचीने घड्याळात बघून वेळ सांगितली, मी वहीत लिहिली, नऊ वाजून दहा मिनिटं.